मागील अंकावरून

आमच्या मंडळात आपली बातमी आपण लिहायची नाही, असा नियम आहे. दरवर्षी दिवाळीला आमचं खुशालीपत्र निघतं. कोणाला नोकरी लागली, कोणाचं लग्न झालं, कोणाच्या हाताखाली विद्यार्थी आले, कोणाला मूल झालं, असं सगळं त्यात असतं. पण ज्याची बातमी त्याने ती लिहायची नसते. दुसऱ्या कोणीतरी त्याला फोन करायचा, नीट विचारायचं आणि पाच ओळी लिहून संकलकाकडे पाठवायच्या. संकलक म्हणजे मी. पहिल्या अंकापासून मीच आहे. बाकीचे सगळे जिल्हा सोडून गेले किंवा आपापल्या कामाला लागले, मी वाशीमला राहिलो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि ते अजून सुटलेलं नाही.

मंडळ म्हणजे अकरा जण. बहुतेक खेड्यापाड्यांतले, सगळे एम.ए., एम.एस्सी. झालेले आणि पीएच.डी.च्या मागे लागलेले. वाशीमच्या एका वाचनालयाची मागची खोली आम्हाला बसायला मिळाली होती. तिथं पत्र्याखाली बसून आम्ही प्रबंध लिहिले. एकमेकांना नावानं कोणी हाक मारत नसे, गावावरूनच मारायचे. रिठद, कामरगाव, कारंजा. मी किन्हीराजाचा, म्हणून मला नुसतं 'राजा' म्हणायचे. खिशात दमडी नाही आणि नाव राजा, घ्या!

पहिल्या अंकात ज्यानं त्यानं आपापली बातमी लिहिली होती आणि त्याचा पार विचका झाला. रिठदनं स्वतःवर दोन पानं लिहिली. कामरगावला त्याच महिन्यात मुलगी झाली होती, त्यानं लिहिलं, 'विशेष काही नाही.' तेव्हा कारंजानं हा नियम काढला. कारंजा म्हणजे आमच्यातली एकटीच मुलगी, कारंजातल्या जैन कापडदुकानदाराची. ती म्हणाली, "माणूस स्वतःबद्दल एक तर फुगवते, नाई तर लपवते. दुसऱ्यानं इचारून लिहावं." तेव्हापासून चिठ्ठ्या तीच काढते आणि कोणाकडे कोणाची बातमी आहे, ते ज्याचं त्याला कळवते. संकलकाला काही कळत नाही. शिवाय संकलकानं आलेल्या मजकुरात एक अक्षरही बदलायचं नाही. हा नियम माझ्यामुळे झाला. एकदा रिठदच्या बातमीतला 'आंतरराष्ट्रीय परिषद' यातला 'आंतरराष्ट्रीय' मी कापला होता. परिषद शेजारच्याच जिल्ह्यात होती, बाप्पा! त्यावरून तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. माझी आई जाऊन दीड वर्ष झालं आणि मंडळातल्या दहा जणांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

असं कसं होईल, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणायचो. या दहाही जणांनी आईच्या हातचं खाल्लेलं होतं. बाबा गेल्यावर शेत माझ्या चुलतभावाकडे बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन ती माझ्याकडे वाशीमला राहायला आली. दोन खोल्या होत्या. वाचनालयातून संध्याकाळी आम्ही निघालो की किमान चार-पाच जण तरी माझ्यामागं यायचेच. ज्वारीच्या भाकरी, बेसन, वर मिरचीचा ठेचा. कारंजा कांदा-लसूण खायची नाही आणि दिवस बुडाल्यावर जेवायची नाही. आईनं तिच्यासाठी एक वेगळा तवा घेतला होता. आम्ही वाद घालत बसलो की आई आतून ओरडायची, "अरे, तुमचं भांडण चालू द्या खुशाल, पण त्या पोरीले आधी जेवू द्या. दिवस बुडून राह्यला ना!" मग आम्ही सगळे उठून कारंजाला जागा करून द्यायचो. आईला आमचे विषय काही कळत नसत. मी वाशीमच्या आसपासच्या जुन्या बारवांवर काम करत होतो. ती आल्यागेल्याला सांगायची, "माहा पोरगा विहिरी मोजते." ऐकून माझा जीव जायचा.

एका चैत्रात, सकाळी चहा ठेवता ठेवता ती ओट्याजवळ खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिला किन्हीराजाला न्यायचं ठरलं. गाडीत मी पुढे बसलो होतो. हात रिकामे होते म्हणून फोन काढला आणि मंडळाच्या ग्रूपवर लिहिलं, 'आई गेली.' पाठवणार, तेवढ्यात रिठदची बातमी येऊन पडली. पुण्याच्या कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून कायम निवड! बारा वर्षं वाट पाहत होता बिचारा. धडाधड फुलं, लाडू, हात जोडलेले, टाळ्या. कोणी लिहिलं, 'आज मंडळाचा सोन्याचा दिवस.' आता बोला! त्या टाळ्यांच्या खाली मी माझी ओळ कशी टाकू? मी ती पुसली. म्हटलं, उद्या सांगू. उद्याही अभिनंदन चालूच होतं. मग तेरवी झाली. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं, कोणीतरी विचारलं की सांगू.

कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी ज्याच्याकडे माझी चिठ्ठी होती त्यानं फोन केलाच नाही. मजकूर तेवढा आला: राजा वाशीमलाच अध्यापन करतात, खुशालीपत्राची धुरा समर्थपणे सांभाळतात, आईसोबत राहतात. मी तो वाचला आणि तसाच छापला. अंगात त्राण नव्हतं. भांडायलाही माणसाला थोडं पोट भरलेलं लागतं. मी तेव्हा दिवसाला एकदा जेवत होतो, तेही डब्याचं.

घरमालकीणबाईंना माहीत होतं, कॉलेजात माहीत होतं. कॉलेजात मी तासांवर शिकवतो, तिथं दोन मिनिटं उभे राहिले सगळे आणि मग तास सुरू झाले. पण ते वेगळं. मला या दहांना सांगायचं होतं. आई कशी होती हे ज्यांना सांगावं लागत नाही, अशी माणसं मला हवी होती. बाकीच्यांना काय सांगणार, वय किती आणि काय आजार होता?

यंदा मी मनाशी ठरवलं होतं. आषाढात कारंजानं चिठ्ठ्या काढल्या की ज्याच्याकडे माझी असेल तो फोन करेल आणि तो 'काय राजा, काय चाललं?' म्हणाला की मी आधी तेच सांगणार, बाकी सगळं नंतर. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन फोन उताणा ठेवायचो. श्रावण गेला, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. फोन यायचे ते विद्यार्थ्यांचे, 'सर, उद्या तास आहे का?' मी म्हणायचो, "आहे, आणि तू येणार नाहीस हेही मला माहीत आहे." उगाच चिडायचो त्या पोरांवर.

माझ्याकडे कामरगावची चिठ्ठी आली होती. फोनवर भागलं असतं, पण मी एसटीनं गेलो. खोटं कशाला बोलू, बातमी घ्यायला म्हणून गेलो नव्हतो. तो विचारेल म्हणून गेलो होतो.

कामरगावनं प्रबंध अर्धवट सोडला. आता गावात बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान चालवतो. मी गेलो तेव्हा दुकानात चार-पाच माणसं उभी होती. मला पाहून तो उठला, हात धरून आत बसवलं, चहा सांगितला. म्हणाला, "लेका, फोन करायचा ना! इतक्या दूर कायले आला?"

"मूळ साधन पाह्यल्याबिगर लिहीत नाई मी," म्हटलं.

तो हसला. म्हणाला, "माहं काय लिहितं तू? सगळ्याहीचं पेपर, पेटंट, फॉरेन. माहं युरिया." मी म्हटलं, तू जे सांगशील तेच लिहीन. त्यानं थोडा विचार केला. "लिही, दुकानात मन रमलं. पोरगी नववीत हाय, गणितात हुशार हाय. अन् लिही की प्रबंधाचे कागद अजून फेकले नाई." ते शेवटचं सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, तराजूकडे बघत होता. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

"बरं, तुहं सांग," तो म्हणाला. "तुहं कसं चाललं?"

मी तोंड उघडलं आणि दुकानासमोर जीप थांबली. पोत्यांची गाडी होती ती. तो उठून बाहेर पळाला, पोती मोजून घेतली, हमालाशी दोन शब्द भांडला, परत येऊन म्हणाला, "हं, तर बाकी सगळं ठीक ना?"

"हौ," मी म्हणालो.

"मंग बरं," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. परतीच्या एसटीत मी त्याच्या पाच ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. पण खिडकीला डोकं टेकवून स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारचा माणूस सरकून बसला. तो 'ठीक ना?' म्हणाला, तेव्हा नाही म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली होती का माझी?

नवरात्र संपत आलं आणि माझी बातमी आली. रिठदकडून आली, ईमेलनं. फोन नाही, मेसेज नाही. 'राजा वाशीमलाच अध्यापन करतात. खुशालीपत्राची धुरा समर्थपणे सांभाळतात. बसस्थानकामागील गल्लीत आईसोबत राहतात. आईंची प्रकृती वयोमानानुसार बरी आहे.'

माझं डोकंच सणकलं. बसस्थानकामागची गल्ली आम्ही पाच वर्षांपूर्वी सोडली! मी सगळे जुने अंक काढून जमिनीवर पसरले. आणि मग जे दिसलं त्यानं मला हसावं की रडावं कळेना. सहा वर्षं माझ्याबद्दल तीच वाक्यं होती. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी खरोखर फोन केला होता, तेव्हा आई होती आणि गल्लीही तीच होती. पुढच्या वर्षीच्यानं त्यावरून उतरवलं, त्याच्या पुढच्यानं त्यावरून. 'धुरा समर्थपणे' तर सगळीकडे होतं. मध्ये एकानं गल्ली गाळली होती, रिठदनं आणखी मागचा अंक बघून ती परत घातली. म्हणजे त्यानं दोन अंक ताडून पाहिले, एवढी मेहनत घेतली शहाण्यानं, पण मला फोन करावासा वाटला नाही! 'प्रकृती वयोमानानुसार बरी' ही मात्र त्याची स्वतःची भर. वय वाढलं असणार, असा तर्क लढवला असेल.

कामरगाव सोडला तर हे सगळे डॉक्टर आहेत. यांच्या मार्गदर्शकांनी टेबल बडवून बडवून यांना शिकवलं की दुसऱ्याच्या पुस्तकावरून उतरवू नका, मूळ कागद पाहा, मूळ जागेवर जा. हे आता विद्यार्थ्यांना तेच शिकवतात. आणि ज्याच्या घरी शेकडो वेळा जेवले त्या माणसाची खबर मागील अंकावरून घेतात. मी एकटाच खोलीत मोठ्यानं बोलत होतो. खालून मालकीणबाईंनी विचारलं, "कोणी आलंय का हो?" मी म्हटलं, "नाही, कोणी येत नाही."

मग राग ओसरला आणि खरं ते वर आलं. मी काही विसरण्यासारखा माणूस नव्हतो, उलट माझं त्यांना पाठच झालं होतं. मी म्हणजे वाशीम. तिथंच असणार, तसाच असणार, विचारायचं काय त्यात? जे निघून गेले त्यांचं काय झालं हे विचारावं लागतं. जो राहिला त्याचं गृहीत धरतात. हे कळल्यावर मला फार एकटं वाटलं, आई गेली त्या दिवसापेक्षाही जास्त.

पानावर मी दुरुस्ती टाइप केली. 'आईंचं गेल्या वर्षी चैत्रात निधन झालं.' ती ओळ इतरांच्या बातम्यांमध्ये नीट बसतही होती, वरती एकाची जुळी मुलं, खाली एकाचं पुस्तक. मग नियम आठवला. आपली बातमी आपण लिहायची नाही आणि संकलकानं अक्षर बदलायचं नाही. खरं सांगायचं तर नियमाचं निमित्त होतं. मनात कुढत होतो मी. म्हटलं, बसा. छापतो तसंच. निदान एकाला तरी खटकू द्या. एकानं तरी म्हणावं, राजा, हे खरं आहे का रे?

अंक ग्रूपवर टाकला. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. अंगठे आले. 'नेहमीप्रमाणे उत्कृष्ट संकलन.' 'राजा आहे म्हणून मंडळ आहे.' रिठदनं फुलांचा गुच्छ टाकला. दुपारपर्यंत सगळं शांत झालं. मी डबा उघडून बसलो.

आणि कारंजाचा फोन आला. ती आता बंगळूरला शिकवते, एरवी मेसेज करते, फोन क्वचित. म्हटलं, हिला खटकलं. हिला खटकणारच.

"राजा, वाचला रे अंक," ती म्हणाली. वाशीमच्या माणसाशी बोलताना तिची भाषा अजून वऱ्हाडी होते. "सगळा वाचला. कामरगावचं वाचून तर डोळ्यांत पाणी आलं माह्या. बरं झालं, त्याची चिठ्ठी तुह्याकडे आली."

"हौ."

"अन् काकू बऱ्या हायेत वाचून इतकं बरं वाटलं, काय सांगू. माही आई गेल्या वर्षीपासून अंथरुणावर हाय, म्हून लई आठवण येते काकूंची. कशा हायेत? चालतात का?"

हाच तो प्रश्न होता. दीड वर्ष ज्याच्यासाठी फोन उताणा ठेवला होता तो प्रश्न. वाक्य तयार होतं.

"चालते ना," मी म्हणालो. "गुडघे दुखतात थोडे."

का बोललो देव जाणे. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तिची चौकशी करत होतं, तीही प्रेमानं आणि 'होत्या' असं न म्हणता. मला ती चौकशी थांबवायची नव्हती. खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी आई पुन्हा संपली असती आणि मग आम्ही दोघं वय किती आणि काय झालं हेच बोललो असतो.

"तेल लावा म्हणा गुडघ्याले. अजून ओरडतात का तुह्यावर?"

"ओरडते तर. काल म्हणे, कवाचा फोन घेऊन बसला, कोणाची वाट पाहून राह्यला?"

कारंजा खळखळून हसली. मीही हसलो. मग मी सुटलोच. आई मालकीणबाईंशी कशी भांडली, डॉक्टरांना काय म्हणाली, चष्मा कुठं ठेवून विसरली. सगळं खरं होतं, फक्त जुनं होतं. बराच वेळ बोललो. डब्यातली भाजी गार झाली. मी इतका आनंदात होतो की मला लाज वाटत नव्हती.

मग कारंजा म्हणाली, "आईले पाह्यले येऊन राह्यली मी, दिवाळी झाल्यावर. पण आधी वाशीमले उतरतो, काकूंले भेटतो, मंग कारंजाले जातो. सांगून ठेव त्यांले. अन् माह्यासाठी दिवस बुडायच्या आधी सैपाक करा म्हणा."

"हौ," मी म्हणालो. "सांगतो."

फोन ठेवला आणि लाज वाटायला लागली. दिवाळी उद्यावर आली आहे. मी दोनदा तिचा नंबर काढला आणि दोनदा ठेवला. फोनवर आता ते सांगता येणार नाही, ती दारात आल्यावरच सांगावं लागेल. ती चिडेल, मला खोटारडा म्हणेल, आणि तिचं चुकणार नाही. पण मग ती खाली बसेल आणि रडेल. गावाकडे खूप जण रडले, या दोन खोल्यांत मात्र आईसाठी अजून कोणी रडलेलं नाही, मीसुद्धा. एकट्यानं सुरुवात कशी करायची ते मला जमलं नाही.